वळिवडे कॅम्प: एका वसाहतीतली दोन विस्थापने

करवीर तालुक्यातले वळिवडे हे गाव कोल्हापूरच्या पूर्वेला सात-आठ किलोमीटरवर, मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गालगत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या गावाच्या माळावर कौलारू बराकींची एक वसाहत उभी राहिली. 1943 ते 1948 या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. ते निघून गेल्यावर त्याच जागी सिंध प्रांतातून आलेली कुटुंबे आली आणि वसाहतीला गांधीनगर हे नाव पडले. पोलिश गेले ते परत न येण्यासाठी; सिंधी आले ते कायमचे. या दोन समाजांचा एकमेकांशी काही संबंध आला नाही. तरी घरदार गमावलेली कुटुंबे आपले दुःख कसे बाळगतात आणि कसे झाकतात, हे या एकाच माळावर दोनदा दिसले.

पहाटेची थाप

17 सप्टेंबर 1939 रोजी सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या. पश्चिमेकडचा बराचसा भाग त्याआधीच जर्मनीने घेतला होता. पुढच्या दीड-पावणेदोन वर्षांत सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधल्या लाखो माणसांना चार लाटांत उचलून सैबेरिया, उत्तर रशिया आणि कझाकस्तानात नेले. पहिली लाट 10 फेब्रुवारी 1940 ची. तीत प्रामुख्याने पहिल्या महायुद्धानंतर जमिनी मिळालेले माजी सैनिक आणि वनरक्षक यांची कुटुंबे होती. सोव्हिएत कागदपत्रांनुसार या एका लाटेत सुमारे 1 लाख 40 हजार माणसे हलवली गेली.

पद्धत सगळीकडे जवळपास सारखी होती. पहाटे दारावर थाप पडे, सशस्त्र शिपाई आत येत आणि सामान बांधायला अर्धा-पाऊण तास देत. मग बर्फातून घसरगाडीने स्टेशनपर्यंत आणि तिथून मालगाडीच्या डब्यात. डब्यात दोन्ही बाजूंना फळ्यांचे माचे, मधे एक शेगडी आणि प्रातर्विधीसाठी तळाला पाडलेले भोक. प्रवास दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त चाले. तान्ही मुले आणि म्हातारी माणसे वाटेतच जात, आणि त्यांची प्रेते रुळांच्या कडेला बर्फात ठेवून गाडी पुढे निघे. घरातल्या कुणाला पुरणे तर राहोच, ज्या ठिकाणी सोडले त्याचे नावही अनेक कुटुंबांना कधी कळले नाही.

दुसरी लाट 13 एप्रिल 1940 ची, सुमारे 61 हजार माणसांची. तीत जवळजवळ सगळ्या बायका आणि मुले होती, कारण ही कुटुंबे अटकेत किंवा युद्धकैदेत असलेल्या पुरुषांची होती. कैद्यांच्या घरांचे पत्ते गोळा करून याद्या बनवलेल्या होत्या. या बायकांना कझाकस्तानच्या गवताळ माळांवरच्या सामुदायिक शेतांवर टाकण्यात आले. शेणात पेंढा कालवून त्याच्या विटा पाडणे हे त्यांच्या वाट्याला आलेल्या कामांपैकी एक होते. कोल्हापूरकडे शेणी म्हणतात तसलेच ते जळण. तिथल्या हिवाळ्यात जीव वाचायचा तो त्याच्यावरच.

जून 1941 मध्ये जर्मनीने सोव्हिएत युनियनवर हल्ला केला आणि राजकारण एका रात्रीत फिरले. 30 जुलै 1941 रोजी लंडनमधले पोलिश निर्वासित सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला. हद्दपार पोलिश नागरिकांना सोडण्यात आले आणि जनरल आंदर्स यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत भूमीवरच पोलिश सैन्य उभे राहू लागले. सैन्यामागून उपाशी कुटुंबांचे लोंढे दक्षिणेला सरकले. 1942 मध्ये मार्च-एप्रिल आणि ऑगस्ट अशा दोन खेपांत सुमारे 1 लाख 15 हजार पोलिश माणसे कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. त्यांतली साधारण एक तृतीयांश बिनलष्करी होती. महिनोन्‌महिने उपाशी असलेल्या पोटांना मटणाची चरबट आमटी सोसली नाही, आणि सुटका झाल्यावरही कित्येक जण पहलवीच्या वाळूत मेले.

कराचीमार्गे कोल्हापूर

इराणमध्ये एवढी माणसे ठेवणे ब्रिटिशांना शक्य नव्हते. मुलाबाळांसह बायकांना पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि हिंदुस्थानात पाठवायचे ठरले. हिंदुस्थानात पहिली सोय झाली ती मुलांची. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी इथे पोलिश मुलांसाठी वसाहत उघडली. कुटुंबांसाठी मोठी वसाहत कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला बांधली गेली. निर्वासित इराणहून जहाजाने कराचीला येत, तिथल्या तात्पुरत्या तळावर काही दिवस-आठवडे थांबत आणि मग रेल्वेने वळिवड्याला पोहोचत. 1943 च्या मध्यापासून गाड्या येऊ लागल्या. कराचीतून वळिवड्याला येणारी ही पहिली माणसे. पाच वर्षांनी दुसरी येणार होती.

लांबलचक बराकी, त्यांत एकेका कुटुंबासाठी पाडलेल्या खोल्या, पुढे ओसरी आणि स्वयंपाकाची जागा अशी रचना होती. सगळ्यांसाठी एकच भटारखाना न ठेवता कुटुंबांना भत्ता देऊन आपापला स्वयंपाक करू देणे, हे या वसाहतीचे वैशिष्ट्य होते. तीन वर्षे रांगेत वाडगे घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांच्या हाती पुन्हा चूल आली. भाजीवाले, दूधवाले, अंडी विकणारे आसपासच्या गावांतून येत आणि थोड्याच दिवसांत पोलिश आकडे आणि भाज्यांची पोलिश नावे बोलू लागत. वसाहतीत चर्च, दवाखाना, प्राथमिक आणि माध्यमिक शाळा, नाट्यगृह, दुकाने आणि स्काउटांची मोठी चळवळ होती. पंचगंगेवर पोहणे आणि सहली हे मुलांचे नित्याचे कार्यक्रम होते. 1946 मध्ये बालाचडीची मुलेही इथेच आणण्यात आली.

बाप नसलेली घरे

बाहेरून पाहणाऱ्याला वळिवडे शिस्तीचे, फुलझाडांचे आणि गाण्यांचे गाव वाटे. आतली परिस्थिती वेगळी होती. बहुतेक खोल्यांत आई आणि मुले, किंवा मावशी-आजी आणि मुले एवढीच माणसे होती. धडधाकट पुरुष आंदर्स यांच्या सैन्यात होते; ते पुढे इटलीत लढले. उरलेल्या पुरुषांचा पत्ता नव्हता.

ज्यांचे नवरे कोझेल्स्क, ओस्ताश्कोव्ह आणि स्तारोबेल्स्क इथल्या युद्धकैद्यांच्या छावण्यांत होते, त्या बायकांना 1940 च्या वसंतापर्यंत पत्रे येत होती. मग ती एकदम थांबली. 5 मार्च 1940 च्या सोव्हिएत निर्णयानुसार या छावण्यांतले आणि तुरुंगांतले मिळून सुमारे 22 हजार पोलिश अधिकारी, पोलीस, डॉक्टर, शिक्षक आणि सरकारी नोकर पुढच्या काही आठवड्यांत गोळ्या घालून मारले गेले होते. कुटुंबांना मालगाडीत कोंबले गेले तेव्हा घरधन्यांची हत्या चालू होती. 13 एप्रिल 1943 रोजी जर्मन रेडिओने काटिनच्या जंगलातल्या सामुदायिक कबरींची बातमी दिली. वळिवड्याची वसाहत भरू लागली ती या बातमीनंतर दोन-तीन महिन्यांनी. काटिनमध्ये सापडलेले मृतदेह कोझेल्स्कच्या कैद्यांचे होते. बाकीच्या दोन छावण्यांतल्या माणसांचे काय झाले, ते कुठे पुरले गेले, हे कुटुंबांना त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक कळणार नव्हते.

प्रेत नाही, तारीख नाही, कुणाचे कळवणे नाही, अशा मरणाचे सुतक धरता येत नाही. नवऱ्याला मेला म्हणावे तर आपणच त्याचा घात केल्यासारखे वाटते, आणि जिवंत म्हणावे तर संसार पुढे सरकत नाही. अमेरिकी कुटुंबविषयक संशोधक पॉलिन बॉस यांनी 1970 च्या दशकात, व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना, या अवस्थेला अनिश्चित वियोग अशा अर्थाचे नाव दिले. वळिवड्यातल्या घरांना ते नाव उपलब्ध नव्हते. ती अवस्था मात्र रोजची होती.

ती दिसे ती लहानसहान गोष्टींत. सोव्हिएत भूमीतून सुटलेली मुले उशीखाली आणि गादीत पावाचे तुकडे लपवत, अशी नोंद इराणपासूनच्या निर्वासितांच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येते. पोटभर मिळू लागल्यावरही सवय लगेच सुटली नाही. पोलिश घरांत नाताळच्या आदल्या रात्रीच्या विगिलिया नावाच्या जेवणाला एक ताट जास्त मांडण्याची रीत आहे. मूळ अर्थ, अवचित दाराशी येणाऱ्या पाहुण्यासाठी. हद्दपारीनंतर त्या रिकाम्या ताटाचा अर्थ बदलला. त्याच्याकडे पाहताना घरातल्या प्रत्येकाला ते कुणाचे आहे हे ठाऊक असे आणि नाव घेण्याची गरज पडत नसे.

आयांनी आणि शिक्षकांनी यावर काढलेला उपाय म्हणजे वेळापत्रक. सकाळची प्रार्थना, शाळा, तालमी, स्काउटांचे संचलन, संध्याकाळी नाटक किंवा गाणी. बुडालेली शालेय वर्षे भरून काढायची होती, कारण युद्ध संपल्यावर मुलांना पोलंडमध्ये परतायचे होते. स्काउट चळवळीतले एक मार्गदर्शक झ्जिस्वाव पेशकोव्स्की हे कोझेल्स्कच्या छावणीतून वाचलेल्या मोजक्या अधिकाऱ्यांपैकी एक होते. ज्या छावणीत या मुलांपैकी काहींचे वडील शेवटचे जिवंत होते, तिथून आलेला माणूस त्यांना गाठी मारायला आणि तंबू ठोकायला शिकवत होता. पुढे ते धर्मगुरू झाले आणि काटिनमध्ये मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी त्यांनी आयुष्यभर काम केले.

परतायला देश नाही

युद्ध संपले तेव्हा वळिवड्यात जल्लोष झाला नाही. फेब्रुवारी 1945 मधल्या याल्टा परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत युनियनला देण्याचे ठरले होते. म्हणजे बहुतेक निर्वासितांची गावे आता पोलंडमध्येच नव्हती. जुलै 1945 मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातल्या कम्युनिस्ट सरकारला दिली. ज्यांनी उचलून नेले त्यांच्याच छायेतल्या देशात परतायचे की परक्या मुलखात नवे बस्तान बसवायचे, असा प्रश्न प्रत्येक खोलीत उभा राहिला. काही कुटुंबे आप्तांच्या ओढीने पोलंडला गेली. सैनिकांच्या कुटुंबांना 1947 च्या कायद्याने ब्रिटनचा रस्ता खुला झाला. इतर पूर्व आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेकडे पांगले. 1948 च्या सुरुवातीला वसाहत रिकामी झाली. मागे राहिली ती कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीतली पोलिश थडगी.

सिंधमधून आलेली गाडी

1947 च्या फाळणीत पंजाब आणि बंगाल हे प्रांत विभागले गेले. सिंध प्रांत अख्खा पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंच्या वाट्याला भारतात स्वतःचा असा भूभाग आला नाही. 1941 च्या जनगणनेत ते सिंधच्या लोकसंख्येत एक चतुर्थांशाहून किंचित अधिक होते. ऑगस्ट 1947 मध्ये त्यांतल्या बहुतेकांचा निघायचा विचार नव्हता. व्यापार, सावकारी, वकिली आणि सरकारी नोकऱ्यांत त्यांचा जम बसलेला होता, आणि पंजाबच्या मानाने सिंधमध्ये रक्तपात फारच कमी होता. 17 डिसेंबर 1947 ला हैदराबादेत (सिंध) आणि 6 जानेवारी 1948 ला कराचीत दंगली झाल्या आणि धीर सुटला. कराची बंदरावर जहाजांसाठी कुटुंबे दिवसेंदिवस मुक्काम टाकून राहिली. निघताना सामानाची झडती होई. दागिने, रोकड, शिवणयंत्रेसुद्धा काढून घेतली गेल्याच्या आठवणी घरोघर आहेत. काही जहाजाने मुंबई, ओखा, वेरावळला उतरले, काही मारवाडच्या वाटेने रेल्वेने आले. 1948 च्या अखेरपर्यंत बहुतेक सिंधी हिंदूंनी प्रांत सोडला होता.

तत्कालीन मुंबई प्रांताने त्यांना ठेवले ते प्रामुख्याने युद्धकाळातल्या रिकाम्या तळांत. कल्याणच्या लष्करी तळाचे उल्हासनगर झाले. पुण्याजवळ पिंपरी, मुंबईत चेंबूर अशा वसाहती उभ्या राहिल्या, आणि कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या बराकींचे गांधीनगर झाले. ज्या ओसरीवर पोलिश बायका टपालाची वाट पाहत, तिथे आता पापड वाळू लागले.

सरकारी फुकट शिधा काही काळच मिळाला. मग ज्याने त्याने आपले पाहायचे होते. सिंधमध्ये हवेलीवजा घरांत राहिलेले लोक फेरीवाले झाले. बायका पापड-लोणची आणि शिवणकाम करत, मुले शाळा सांभाळून रेल्वेत गोळ्या-बिस्किटे विकत. नफा कमी घ्यायचा आणि माल जास्त खपवायचा, हे सूत्र याच काळात पक्के झाले आणि स्थानिक दुकानदारांची त्यावर नाराजीही झाली. शरणार्थी हा शब्द या समाजाला टोचे. त्याऐवजी पुरुषार्थी म्हणा, असा आग्रह धरला जाई. गांधीनगर काही दशकांत कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ बनले. पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि उत्तर कर्नाटकातले दुकानदार तिथे माल भरायला येऊ लागले.

क्लेमचा कागद

या यशाच्या कहाणीत दुःखाला जागा उरली नाही. त्याची अधिकृत नोंद होण्याची एकच वाट होती, ती म्हणजे क्लेम. 1950 च्या कायद्याने विस्थापितांनी पाकिस्तानात राहिलेल्या मालमत्तेचे दावे दाखल करायचे होते. 1954 च्या कायद्याने त्यावर भरपाई मिळायची होती. दाव्यात घराचा पत्ता, खोल्या, बांधकाम, किंमत असा तपशील भरावा लागे आणि तो पुराव्याने सिद्ध करावा लागे. दुकानातला माल, दागिने, भांडीकुंडी अशी जंगम मालमत्ता त्यात धरली जात नव्हती. सगळी कागदपत्रे घेऊन निघणे ज्यांना जमले नव्हते, त्यांना स्वतःचेच घर आपले होते हे साक्षीदार उभे करून पटवावे लागले. मागे राहिलेल्या घराविषयी बाहेरच्यांशी इतक्या बारकाव्याने बोलण्याची अनेक कुटुंबप्रमुखांना मिळालेली ही पहिली आणि शेवटची संधी. दावा मंजूर झाला, रक्कम हाती आली, की विषय संपला असे धरले गेले.

म्हातारी माणसे या संपण्यात सामील झाली नाहीत. कुलूप घालून किल्ली शेजाऱ्याकडे दिलेल्या घराचा घोर त्यांना लागून राही. मराठीत ज्याला हाय खाणे म्हणतात, तसे होऊन पहिल्या काही वर्षांत कितीतरी ज्येष्ठ गेले, असे सिंधी कुटुंबांच्या आठवणींत नेहमी येते. मधल्या पिढीला थांबायला सवड नव्हती आणि धाकट्या पिढीला काही सांगितले गेले नाही.

गप्प राहण्याची कारणे

दोन्ही समाज गप्प राहिले, पण कारणे वेगळी होती. पोलंडला परतलेल्यांवर बंदी सत्तेची होती. कम्युनिस्ट राजवटीत सैबेरियाचे नाव काढणे धोक्याचे होते आणि काटिन हे जर्मनांचेच कृत्य असल्याचे शिकवले जाई. थडग्यावर मृत्यूचे साल 1940 लिहिणे हाही गुन्हाच ठरे, कारण तेव्हा काटिनचा प्रदेश सोव्हिएतांच्या ताब्यात होता. मॉस्कोने जबाबदारी मान्य केली ती 13 एप्रिल 1990 रोजी. तोवर वाट पाहणाऱ्या बहुतेक बायका वारल्या होत्या. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात गेलेल्यांवर अशी बंदी नव्हती. तिथे अडचण होती ती ऐकणाऱ्यांची. रशिया हे युद्धातले मित्रराष्ट्र होते, आणि मित्राने केलेल्या अत्याचारांची कहाणी कुणाला नको होती.

सिंधी घरांतला अडसर तुलनेचा होता. पंजाबात झाले तसे आपल्याकडे झाले नाही, आपण जिवानिशी सुटलो, मग तक्रार कसली, असा विचार मोठी माणसे करत. गेलेले घर, भाषा, नदी आणि प्रतिष्ठा यांच्यासाठी रडणे त्यांना शोभत नसे. त्यात लिपीची भर पडली. आजोबांची सिंधी अरबी वळणाच्या लिपीत होती. भारतात देवनागरीलाही मान्यता मिळाली आणि नंतर मुले मराठी, हिंदी, इंग्रजी माध्यमांत गेली. त्यामुळे पेटीत जपलेली पत्रे आणि रोजनिश्या घरात असूनही नातवंडांना वाचता येईनाशा झाल्या.

दुःखाने बाहेर पडायला काही वाटा शोधल्याच. प्राध्यापक राम पंजवाणी यांच्या पुढाकाराने चेटीचंड हा सिंधी नववर्षाचा सण आणि झूलेलाल या जलदेवतेची भक्ती भारतात सामुदायिक उत्सव बनली, आणि सिंधू नदी डोळ्यांआड झालेल्या समाजाला जलदेवतेच्या निमित्ताने एकत्र येता आले. 1958 साली अबाणा हा विस्थापनावरचा सिंधी चित्रपट आला. या शब्दाचा अर्थ वाडवडिलांचे, माहेरचे. पोपटी हिरानंदाणी यांच्या आत्मचरित्राला 1982 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 10 एप्रिल 1967 रोजी सिंधी भाषेचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला आणि भूभाग नसलेल्या भाषेला निदान कागदावर जागा मिळाली.

खुणा

1990 नंतर पोलिश निर्वासितांच्या आठवणी उघडपणे छापल्या जाऊ लागल्या. वळिवड्याच्या माजी रहिवाशांनी संघटना काढली, सामुदायिक आठवणींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला आणि 1998 मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मारक उभारले. सप्टेंबर 2019 मध्ये वळिवड्यातही स्मारकस्तंभाचे अनावरण झाले. तेव्हा आलेल्या वृद्ध पाहुण्यांचे बालपण याच माळावर गेले होते. वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचे स्मारक 2017 पासून आहे. ऑगस्ट 2024 मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले.

सिंधी कुटुंबांच्या आठवणी गोळा होऊ लागल्या त्या त्याहून उशिरा. फाळणीच्या पन्नाशीनंतर मौखिक इतिहासाचे काम वाढले आणि नातवंडांनी आजी-आजोबांना पहिल्यांदा सविस्तर विचारले. पोलिश निर्वासितांना 1990 नंतर आपली जुनी गावे पाहता आली. सिंधमधले घर पाहायला मात्र व्हिसा लागतो आणि तो क्वचितच मिळतो. गांधीनगरात त्या घराची आठवण मुख्यतः सांगण्या-ऐकण्यावरच टिकून आहे, आणि सिंधमध्ये जन्मलेली माणसे आता थोडीच उरली आहेत.